मणीकाम आणि रंगांचा शेजार

सुटीच्या दिवसांत मुलांच्या हातांना कांहीं उद्योग असावा, असें वडील माणसें म्हणतात. आणि तो उद्योग अभ्यासासारखा वाटूं नये, असें मुलांचें म्हणणें असतें. हीं दोन्ही म्हणणीं ज्या थोड्या छंदांत एकत्र नांदतात, त्यांपैकीं काचेच्या बारीक मण्यांचें काम हा एक होय. सुई, मजबूत दोरा, मणी आणि आलेखाचा कागद एवढ्या सामग्रीवर चौकोन, त्रिकोण, शंकरपाळे व नागमोडी रेघा यांची नक्षी कोणासही विणतां येते. टांका शिकावयास एक आठवडा पुरे होतो. परंतु कोणते रंग घ्यावे आणि कोणता कोणाशेजारीं बसवावा, हें शिकावयास किती दिवस लागतात तें मला सांगतां येणार नाहीं. कारण माझें तें शिक्षण अद्याप संपलेलें नाहीं.

त्या शिक्षणाचा आरंभ एका फजितीनें झाला. चुलत बहिणीच्या लग्नांत रुखवतावर मांडण्यासाठीं मीं एक तोरण विणावयास घेतलें. रंग दोनच घेतले : एक कुंकवासारखा तांबडा व दुसरा आंब्याच्या पानासारखा हिरवा. दोन्ही मंगल, दोन्ही झळझळीत. तेव्हां एक मणी तांबडा, एक हिरवा, असें बुद्धिबळाच्या पटाप्रमाणें सारें तोरण भरून काढलें म्हणजे शोभा दुणावेल, असा माझा हिशेब होता. दोन महिन्यांच्या संध्याकाळी त्यांत गेल्या. मांडीवर घेऊन पाहिलें तर तोरण फार सुरेख दिसे. पण दारावर टांगून अंगणाच्या टोंकावरून पाहतें तों तें ना तांबडें, ना हिरवें. जुन्या गोणपाटासारखें मळकट! मीं दुकानदारास नांवें ठेवूं लागलें, कीं त्यानें हलके मणी गळ्यांत बांधले. आत्याबाई शेजारींच उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "अगं, मण्यांना कशाला बोल लावतेस? मणी चांगले आहेत. शेजार चुकला आहे."

आत्याबाईंनीं जें एका वाक्यांत सांगितलें, तें सिद्ध करण्यास एका मोठ्या शास्त्रज्ञास कित्येक वर्षें खपावें लागलें होतें. मिशेल यूजेन शेव्रल (१७८६–१८८९) या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाची १८२४ सालीं पॅरिस येथील गोबेलँ या प्रसिद्ध कारखान्यांत रंगाईच्या खात्यावर नेमणूक झाली. तेथें लोंकरीचे व रेशमाचे मोठमोठे चित्रपडदे विणले जात. विणकरांची तक्रार अशी होती कीं, निळ्या व जांभळ्या वस्त्रांच्या छायेसाठीं वापरलेली काळी लोंकर फिकी दिसते. शेव्रलनें इतर कारखान्यांतील काळी लोंकर आणवून आपल्या लोंकरीशीं ताडून पाहिली. रंगांत कांहीं उणें आढळलें नाहीं. दोष लोंकरीचा नव्हता, तिच्या शेजारीं बसलेल्या निळ्या-जांभळ्याचा होता. या शोधाचा विस्तार करून त्यानें १८३९ सालीं एक मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याचें सार असें : दोन रंग लगत ठेवले असतां डोळा त्यांतील भेद आहे त्याहून वाढवून पाहतो. राखी रंगाचा तुकडा तांबड्या भूमीवर किंचित् हिरवट दिसतो व तोच निळ्या भूमीवर पिवळसर दिसतो. फिक्याशेजारीं गडद अधिक गडद होतो. तांबडा व हिरवा हे परस्परविरोधी रंग शेजारीं आले म्हणजे दोघेही अधिक तेजस्वी होतात.

येथें चाणाक्ष विद्यार्थी विचारील, "असें आहे तर तुमचें तोरण अधिक तेजस्वी व्हावयास हवें होतें, तें मळकट कां झालें?" प्रश्न रास्त आहे, आणि माझ्या मतें मणीकामांतील सर्वांत महत्त्वाची गोष्ट त्याच्या उत्तरांतच आहे. शेव्रलचा नियम रंगाचे पट्टे डोळ्यांस वेगवेगळे दिसत असतात तोंवरच चालतो. ते इतके बारीक झाले कीं डोळा त्यांना वेगळे करूं शकत नाहीं, तर उलट प्रकार घडतो : रंग एकमेकांस उठाव देण्याऐवजीं एकमेकांत मिसळून जातात, आणि ही मिसळ म्हणजे दोहोंची बेरीज नसून सरासरी असते. तांबड्या-हिरव्याची सरासरी म्हणजे तपकिरी मळकटपणा.

हें अंतर गणितानें काढतां येतें. निरोगी डोळ्यास चांगल्या उजेडांत सुमारें एक कला, म्हणजे एका अंशाचा साठावा भाग, एवढ्या कोनावरील दोन खुणा वेगळ्या ओळखूं येतात. बाजारांत ११ क्रमांकाचा म्हणून जो मणी मिळतो तो सुमारें २ मिलिमीटर रुंद असतो. (मण्यांचा क्रमांक जसा वाढतो तसा मणी लहान होतो, हें नवशिक्यानें ध्यानांत ठेवावें; नाहींतर पोस्टानें मागविलेली पुडी उघडल्यावर पस्तावण्याची पाळी येते.) दोन मिलिमीटरांचा मणी सुमारें ७ मीटरांवरून, म्हणजे २३ फुटांवरून, एक कलेचा कोन करतो. त्यापलीकडे एकेकटा मणी दिसावयाचा नाहीं. शिवाय उजेड-अंधाराचा भेद डोळा जितक्या बारकाईनें पाहतो, तितक्या बारकाईनें नुसत्या रंगाचा भेद पाहत नाहीं. म्हणून दोन रंगांचा उजळपणा सारखा असला तर ते याहून पुष्कळ जवळूनच मिसळतात. माझा तांबडा आणि माझा हिरवा नेमके सारख्याच उजळपणाचे होते. चार-चार मण्यांचे गट केले असते, तर हेंच अंतर चौपट झालें असतें. हातांतील कंकण आणि दारावरील तोरण यांसाठीं एकच नक्षी व तेच रंग वापरूं नयेत, त्याचें कारण हें आहे. कंकण हातभर अंतरावरून पाहावयाचें, तोरण रस्त्यावरून.

रेघेची गोष्ट याहून निराळी आहे. विल्हेल्म फोन बेत्सोल्ड (१८३७–१९०७) हा जर्मनींतील हवामानशास्त्रज्ञ. त्यास गालिच्यांच्या नक्षीचाही नाद होता. नक्षींतील एकच रंग बदलला असतां साऱ्या गालिच्याची कळा पालटते, असें त्याच्या ध्यानांत आलें, व १८७४ मध्यें रंगांवर लिहिलेल्या ग्रंथांत त्यानें तें मांडलें. तांबड्या चौकोनांच्या मधून बारीक पांढऱ्या रेघा काढल्या तर तांबडा फिकट व उजळ वाटतो. तेथेंच काळ्या रेघा काढल्या तर तोच तांबडा गडद होतो. तांबड्या मण्याचा एक दाणाही बदलावा लागत नाहीं. दहा रुपयांच्या काळ्या मण्यांनीं शंभर रुपयांच्या तांबड्यांचें रूप बदलतें, हें पालकांस सांगण्याजोगें आहे. आणि मणीकाम म्हणजे मुलींचें काम असें समजून नाक मुरडणाऱ्या मुलग्यांनीं हेंही पाहावें कीं, वर सांगितलेल्या दोघां शास्त्रज्ञांनीं आपले नियम लोंकरीच्या गुंड्या आणि गालिचे यांवरूनच शोधले.

सौराष्ट्रांतील स्त्रियांनीं ही विद्या पुस्तकावांचून साधली होती. तिकडे या कामास मोतीभरत म्हणतात. मोती म्हणजे तेथें काचमणीच. एकोणिसाव्या शतकांत व्हेनिसचे मणी समुद्रमार्गें व्यापारी आणीत, आणि त्यांचीं दारावरचीं तोरणें, भिंतीवरचे चौकोनी चाकळे, डोक्यावर घागर ठेवण्याच्या चुंबळी, इतकेंच काय, बैलांच्या शिंगांवर चढविण्याच्या खोळीही विणल्या जात. या जुन्या कामांची भूमी बहुधा पांढरी असते. तिच्यावर तांबडा, निळा, हिरवा, पिवळा अशा मोजक्या रंगांचीं चित्रें व भौमितिक पट्टे येतात. प्रत्येक रंगाभोंवतीं पांढऱ्याचें मोकळें अंगण असल्यामुळें कोणताही रंग दुसऱ्याच्या घरांत शिरत नाहीं. मातीच्या भिंतीवर, अर्धवट उजेडाच्या घरांत, तें काम लांबून ओळखूं येतें. दक्षिण आफ्रिकेंतील न्देबेले स्त्रियांचें जुनें मणीकामही असेंच बहुतांशीं पांढरें असे. रंगीत आकृति त्यांत थोड्या व सुट्या. या दोन जमातींची एकमेकींशीं ओळख असण्याचा संभव नाहीं. दोघींनाही मणी मात्र समुद्रापलीकडून मिळाले, आणि दोघींनीं त्यांतला पांढरा सर्वांत अधिक वापरला. नवशिक्यानें पांढऱ्या भूमीपासून आरंभ करावा, असें मी म्हणतें तें यामुळें.

आतां मण्यांविषयीं थोडें. इंग्रजींत मण्यास 'बीड' म्हणतात. त्या शब्दाचा मूळ अर्थ प्रार्थना असा होता. जपमाळेवर प्रार्थना मोजतां मोजतां तें नांव मण्यासच चिकटलें. बारीक मणी करण्याची जुनी रीत अशी कीं, पोकळ ठेवलेला तप्त काचेचा गोळा दोघांनीं दोन बाजूंनीं ओढीत न्यावा, म्हणजे त्याची लांबच लांब बारीक नळी होते; ती तोडून तुकडे करावे व पुन्हां तापवून त्यांच्या कडा गोल कराव्या. व्हेनिसजवळील मुरानो बेटावर, बोहेमियांतील याब्लोनेत्स गांवीं, आणि आपल्याकडे आंध्रांतील पापानायडुपेट येथें मण्यांचा धंदा नांवारूपास आला. बनारसचे काचमणीही प्रसिद्ध आहेत. काचेंत रंग येतो तो धातूंमुळें : कोबाल्टानें गडद निळा, तांब्यानें फिरोजी, लोखंडानें बाटलीसारखा हिरवा, मँगॅनीजनें जांभळा, आणि सोन्याच्या अल्पशा अंशानें माणकासारखा लाल. हे रंग काचेच्या अंगांत असतात, म्हणून ते उडत नाहींत. परंतु कांहीं मण्यांस, विशेषतः गुलाबी व जांभळ्या मण्यांस, केवळ वरून किंवा छिद्राच्या आंतून रंग दिलेला असतो. त्यांची परीक्षा सोपी आहे. थोडे मणी साबणाच्या पाण्यांत रात्रभर ठेवावे. दुसरे थोडे दोऱ्यांत ओवून, अर्धा दोरा कागदाखालीं झांकून, खिडकींतील उन्हांत दोन-तीन आठवडे ठेवावे. पाणी रंगलें किंवा दोऱ्याचे दोन भाग निराळे दिसूं लागले, तर तो मणी कितीही गोजिरवाणा असला तरी तोरणांत घालूं नये. पारदर्शक मण्यांत आणखी एक कावा असतो : त्यांत दोऱ्याचा रंग उतरतो. पिवळा पारदर्शक मणी पांढऱ्या दोऱ्यावर मधासारखा दिसतो. काळ्या दोऱ्यावर त्याची सारी झळाळी जाते. आंतून चांदीचा मुलामा दिलेले मणी चमकतात खरे, पण ती चमक नक्षीची रेघ खाऊन टाकते. मी ते फार जपून वापरतें.

रंग निवडतांना प्रथम हांव आवरावी. दुकानांत तीस रंगांच्या पुड्या पाहून तिसांतले वीस घ्यावेसे वाटतात. चार किंवा पांच पुरे. त्यांत एक भूमीचा, तो सर्वांत अधिक लागतो, दोन मुख्य, एक फार गडद, रेघेसाठीं, आणि हवा तर एक अगदीं थोडा, जेवणांतील लोणच्याइतका. मग त्यांचा उजळपणा पाहावा. डोळे अर्धवट मिटून पाहिलें असतां जे दोन रंग एक होतात, ते लगत बसवूं नयेत. हल्लीं मोबाईलवर कृष्णधवल छायाचित्र घेऊन हीच परीक्षा क्षणांत होते. तांबडा आणि हिरवा त्यांत एकाच राखी रंगाचे निघाले तर माझ्या तोरणाची आठवण करावी. यानंतरही संबंध काम सुरू करूं नये. वीस मणी रुंद व वीस ओळी उंच असा चारशें मण्यांचा नमुना विणावा, तो भिंतीवर टांचावा, आणि घरांतल्या माणसांनीं जातां-येतां त्यावर बोलावें. ११ क्रमांकाचे मणी दहा ग्रॅममध्यें हजाराच्या आसपास भरतात. तेव्हां नमुन्यास फारसा खर्च नाहीं.

नमुना दिवसां पाहिला तसा तिन्हीसांजेलाही पाहावा. उजेड मंदावला कीं तांबडा आधीं काळवंडतो व निळा-हिरवा बराच वेळ उजळ राहतो, हें बोहेमियाचेच शास्त्रज्ञ यान पुर्किने (१७८७–१८६९) यांनीं प्रथम नमूद केलें. अंधुक उजेडांत डोळ्यांतील ज्या पेशी काम करतात, त्यांस तांबडा प्रकाश जवळजवळ कळतच नाहीं. लग्नाच्या मांडवांत दिवे असतात. घराच्या दारावर संध्याकाळीं नसतात.

माझ्या तोरणाचें पुढें काय झालें, तें सांगावयाचें राहिलें. लग्नास आठ दिवस उरले होते. आत्याबाईंनीं कात्री घेतली आणि माझे दोन महिने पितळेच्या ताटांत ओतले. मला रडूं आलें. त्यांनीं पाहून न पाहिल्यासारखें केलें व मण्यांची निवड करावयास मला बसविलें. नवीन म्हणून पांढरे मणी तेवढे आणविले. नऊ मण्यांचे तांबडे शंकरपाळे, त्यांच्या मधल्या त्रिकोणांत हिरवा, आणि दोहोंच्या मध्यें पांढऱ्याची दुहेरी रेघ, अशी नक्षी त्यांनीं आलेखाच्या कागदावर काढून दिली. आम्ही तिघीजणी रात्रीं जागून विणीत होतों. अंगणाच्या टोंकावरून तांबडें तांबडें दिसलें व हिरवें हिरवें दिसलें. घाईमुळें डावी बाजू उजवीहून दोन शंकरपाळ्यांनीं आंखूड राहिली, ती बहिणीच्या दारावर अजून तशीच आहे.