द्राक्षमळ्यांच्या कुशींतील उथळ सरोवर

हंगेरी हा चोहोंबाजूंनीं भूमीनें वेढलेला देश आहे. समुद्र त्याच्या वांट्यास आला नाहीं. परंतु ही उणीव थोडीफार भरून निघावी असें एक विस्तीर्ण सरोवर त्याला लाभलें आहे. त्या सरोवराचें नांव बालाटोन. तेथील लोक त्यास कौतुकानें 'हंगेरीचा समुद्र' म्हणतात. त्याची लांबी सुमारें ७७ किलोमीटर असून क्षेत्रफळ जवळजवळ ६०० चौरस किलोमीटर भरतें. मात्र एवढ्या या पाण्याची सरासरी खोली अवघी दहा-अकरा फूट आहे. या उथळपणांतच बालाटोनचें सारें सुख आणि सारें दुःख सांठलेलें आहे, असें म्हटल्यास वावगें होणार नाहीं.

प्रथम सुखाचा विचार करूं. सरोवराचा दक्षिण कांठ सपाट आहे. तेथें पाण्यांत शिरलेला मनुष्य शेंकडों पावलें चालत गेला तरी पाणी त्याच्या कमरेच्या वर क्वचितच चढतें. उन्हाळ्यांत तें २५ अंश सेल्सिअसपर्यंत सहज तापतें. त्यामुळें पोहतां न येणारीं मुलें, त्यांच्यावर लक्ष ठेवणाऱ्या आया आणि गुडघाभर पाण्यांत उभ्या राहून गप्पा मारणाऱ्या आज्या, असा सर्व कुटुंबकबिला तेथें एकत्र रमतो. १८६१ सालीं या कांठानें लोहमार्ग झाला आणि राजधानींतील लोकांना हें सुख सुलभ झालें. दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनीचे दोन तुकडे झाले, तेव्हां पूर्वेकडील भाऊ आणि पश्चिमेकडील बहीण यांना एकमेकांच्या घरीं जाणें दुर्घट होऊन बसलें. हंगेरींत मात्र दोघांनाही येतां येत असे. अशीं ताटातूट झालेलीं कित्येक कुटुंबें उन्हाळ्यांत बालाटोनच्या कांठीं येऊन चार दिवस एकत्र राहत. १९८९ सालीं बर्लिनची भिंत पडेपर्यंत हा क्रम चालला होता. ज्या घरांत तीन पिढ्या एका छपराखालीं नांदतात, त्यांना त्या चार दिवसांचें मोल निराळें सांगावयास नको.

उत्तर कांठाचें रूप अगदीं वेगळें. तेथें टेकड्या पाण्याजवळ येऊन उभ्या राहिल्या आहेत. त्यांतील बदाचोन्य ही टेकडी एका प्राचीन ज्वालामुखीची असून तिच्या कडांवर काळ्या पाषाणाचे उंच खांब दिसतात. आपल्या सह्याद्रीचा कातळ ज्या जातीचा, त्याच जातीचा हा दगड. या उतारांवर रोमन काळापासून द्राक्षांची लागवड होत आली आहे. काळी भूमि दिवसा ऊन शोषून रात्रीं ऊब देते, तर खालचें पाणी सूर्यप्रकाश परावर्तित करतें आणि हवेचा कडकपणा सौम्य करतें. येथील एका जुन्या वाणाचें नांव 'केकन्येल्यू', म्हणजे निळ्या देठाचें. त्याचीं फुलें केवळ स्त्रीजातीचीं असल्यामुळें शेजारीं दुसऱ्या वाणाची वेल लावावी लागते. हा शेजार नसेल तर घड भरत नाहींत. या द्राक्षांचें मद्य होतें हें खरें, आणि त्याच्याशीं आपल्यापैकीं पुष्कळांस कर्तव्य नाहीं. परंतु मळ्यांतून टेकडीवर जाणाऱ्या पाऊलवाटा, तोडणीच्या दिवसांत मिळणारा ताजा रस आणि सरोवरास वळसा घालणारा सुमारें २०० किलोमीटरांचा सायकलमार्ग यांचा आनंद कोणासही घेतां येईल.

याच कांठावर बालाटोनफ्युरेद हें गांव आहे. खनिजयुक्त झऱ्यांमुळें हृद्रोग्यांचें उपचारस्थान म्हणून त्याची जुनी ख्याति आहे. १९२६ सालीं रवींद्रनाथ ठाकूर व्याख्यानांच्या निमित्तानें हंगेरींत गेले असतां त्यांची प्रकृति बिघडली व ते येथील रुग्णालयांत विश्रांतीस राहिले. बरें वाटल्यावर ८ नोव्हेंबर रोजीं त्यांनीं सरोवराकांठीं लिंडन वृक्षाचें एक रोप लावलें. कांठावरील त्या छायादार रस्त्याला आज रवींद्रनाथांचेंच नांव आहे. पश्चिम टोंकाजवळ हेविझ येथें उष्ण पाण्याचें एक तळें आहे. तें हिवाळ्यांतही गोठत नाहीं. त्या उबेमुळेंच मूळचीं भारतांतील तांबडीं कुमुदें एवढ्या दूर परदेशांत फुलूं शकलीं आहेत.

आतां दुसरी बाजू. उथळ पाण्याला वारा चटकन खवळवितो. स्वच्छ दिवशीं उत्तरेच्या टेकड्यांवरून वादळ उतरलें, तर अल्पावधींतच लाटा उसळतात आणि लहान होड्या संकटांत सांपडतात. यासाठीं सर्व कांठांवर इशाऱ्याचे दिवे बसविले आहेत. दिवा मिनिटाला ४५ वेळां लुकलुकूं लागला, कीं पोहणाऱ्यांनीं कांठापासून ५०० मीटरांच्या आंतच राहावयाचें. तोच ९० वेळां लुकलुकूं लागला, कीं पाण्यांत राहण्यास सर्वांनाच मनाई. लहान मुलांनाही हा नियम पाठ असतो.

वाऱ्याहून मोठें संकट मात्र माणसांनीं आणलें. सरोवरास मिळणारी मुख्य नदी झाला. तिच्या मुखाशीं 'लहान बालाटोन' नांवाची विस्तीर्ण दलदल होती. नदीनें आणलेला गाळ आणि क्षार तेथील वेतांत व गवतांत अडून राहत व गाळलेलें पाणी पुढें जाई. परंतु १८६३ सालीं शिओफोक येथें दरवाजे बांधून सरोवराची पातळी उतरविण्यांत आली. पुढें दलदलही सुकवून तेथें शेतें केलीं गेलीं. शेतांतील खतें आणि वाढत्या वस्तीचें सांडपाणी आतां थेट सरोवरांत येऊं लागलें. त्यावर शेवाळ माजलें, आणि १९७०-८० च्या सुमारास पश्चिमेकडील पाणी उन्हाळ्यांत हिरवें पडूं लागलें. विश्रांतीसाठीं येणाऱ्यांची गर्दीच विश्रांतिस्थानाच्या मुळावर आली.

त्यानंतर जें झालें तें अनुकरणीय आहे. सांडपाणी सरोवराबाहेर वळविण्यांत आलें आणि १९८५ पासून ती दलदल पुन्हा पाण्याखालीं आणण्यास प्रारंभ झाला. हौसेनें फिरणाऱ्यांच्या पेट्रोलवरील मोटारबोटींना बंदी आहे. शिडाच्या, वल्ह्यांच्या आणि विजेच्या नावा तेवढ्या चालतात. २००० ते २००३ या अवर्षणाच्या वर्षांत पाणी फारच ओसरलें, तेव्हां दुसऱ्या नदीचें पाणी आणून भर घालण्याची योजना पुढें आली. परंतु परक्या पाण्यानें सरोवराची प्रकृति बिघडेल, या विचारानें ती बाजूस ठेवण्यांत आली. लोकांनीं धीर धरला आणि पुढच्या पावसांनीं सरोवर भरलें. २०१९ सालीं पश्चिमेकडील पाण्यांत शेवाळ पुन्हा उफाळलें. यावरून एकदां बिघडलेल्या पाण्याची चिंता कायमची कशी मागें लागते, हें ध्यानांत येईल.

आपल्या नाशिक जिल्ह्यांतही द्राक्षमळे आणि गंगापूर धरणाचा जलाशय हीं शेजारीं शेजारींच आहेत, आणि सुट्टीच्या दिवशीं तेथें सहकुटुंब जाण्याची हौस वाढत आहे. धरणाचें पाणी बालाटोनप्रमाणें उथळ नव्हे. बुडालेल्या नदीपात्राचा उतार कोठें एकाएकीं खोल होईल हें वरून दिसत नाहीं, आणि पाय गाळांत रुततो. आपल्याकडील जलाशयांत तरुण मुलें बुडाल्याच्या दुःखद वार्ता दर पावसाळ्यांत कानीं येतात. शिवाय हेंच पाणी नाशिककरांच्या घरोघरीं पिण्यास जातें. म्हणून फराळाचे डबे भरतांनाच घरांतील वडील मंडळींनीं दोन गोष्टी मुलांस स्पष्ट सांगाव्या: पाणी कांठावरूनच पाहावयाचें, आणि नेलेली प्रत्येक वस्तु, केळ्याच्या सालीसकट, परत आणावयाची. एवढें पाळलें, तर सहलीच्या आनंदांत कोठेंही उणें पडणार नाहीं.