ग्राउंडचा पहिला महिना

गोंदिया जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, गडचिरोलीच्या सीमेलगत अर्जुनी मोरगाव तालुक्यातले केशोरी हे गाव मिरचीसाठी ओळखले जाते. अलीकडे इटियाडोहचे पाणी, आजूबाजूला धानाच्या बांध्या आणि पलीकडे जंगल. शहरात ‘ग्रुप फिटनेस’ म्हटले की काचेची खोली, मोठ्या आवाजातले गाणे आणि महिन्याची फी आठवते. पूर्व विदर्भाच्या या पट्ट्यात त्याच गोष्टीचे नाव ‘ग्राउंड’ आहे. पोलीस, वनरक्षक किंवा अग्निवीर भरतीची तयारी करणारी पोरेपोरी उजाडण्याआधी एकत्र जमतात, वॉर्मअप करतात, राउंड मारतात, बैठका आणि जोर काढतात. फी नसली तरी कष्ट शहरातल्या कुठल्याही वर्गापेक्षा कमी नसतात.

या गटात पहिल्यांदा जाणाऱ्याच्या पोटात गोळा येतो, आणि त्यात नवल काही नाही. बाकीचे सहा महिन्यांपासून धावत असतात. त्यांचे बूट झिजलेले असतात, टायमिंग तोंडपाठ असते. नवखी मुलगी अर्ध्या राउंडमध्येच धापा टाकू लागते आणि आपण सगळ्यांच्या मागे आहोत हे सगळ्यांना दिसते आहे असे तिला वाटते. पुष्कळ जण तिसऱ्या-चौथ्या दिवशी येणे बंद करतात ते पाय दुखतात म्हणून कमी आणि या लाजेपायी जास्त. काही जण उलट करतात. लाज लपवायला पहिल्याच दिवशी जुन्या गड्यांच्या बरोबरीने धावतात. शरीराच्या दृष्टीने हा दुसरा मार्ग अधिक धोक्याचा आहे.

आकडे काय सांगतात

महाराष्ट्र पोलीस शिपाई भरतीची मैदानी चाचणी ५० गुणांची असते. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर धावायचे असते आणि त्याला २० गुण. १०० मीटर धाव आणि गोळाफेक यांना प्रत्येकी १५. लांब धावेचे पूर्ण गुण हवे असतील तर मुलांनी ५ मिनिटे १० सेकंदांत आणि मुलींनी २ मिनिटे ५० सेकंदांत अंतर संपवावे लागते. म्हणजे मुलीला ताशी सुमारे १७ किलोमीटर आणि मुलाला साडेअठरा किलोमीटरचा वेग शेवटपर्यंत टिकवायचा असतो. गावातल्या रस्त्यावर निवांत सायकल मारणारा साधारण याहून हळू जातो.

इथे एक गैरसमज हमखास होतो. ‘आमची पोरे शेतात राबतात, त्यांना काय धावायचे जड?’ रोवणीच्या दिवसांत दिवसभर चिखलात वाकून पऱ्हे लावणाऱ्या बाईची चिकाटी खरोखर मोठी असते. पण ती संथ आणि लांब पल्ल्याच्या कामाची चिकाटी आहे. त्या कामात हृदयाचे ठोके मध्यम गतीने तासन्‌तास चालतात. ८०० मीटरच्या धावेत तेच हृदय अर्ध्या-पाऊण मिनिटात जवळजवळ कमाल गतीला पोहोचते. स्नायूंना ऊर्जा दोन वाटांनी मिळते. एक प्राणवायू वापरून, जी सावकाश पण भरपूर देते. दुसरी प्राणवायूशिवाय, जी झटपट देते पण लवकर संपते. अडीच-तीन मिनिटांच्या धावेत निम्म्याहून अधिक ऊर्जा पहिल्या वाटेने येते. म्हणूनच रोज जीव तोडून धावण्यापेक्षा सावकाश, लांब धावण्याचा पाया आधी घालावा लागतो. तो पाया नसला की शेवटच्या २०० मीटरमध्ये पाय शिसे भरल्यासारखे जड होतात.

भीती हीसुद्धा शरीराची क्रिया

सगळ्यांसमोर धावायचे या विचारानेच ॲड्रेनॅलीन वाढते, ठोके वाढतात, श्वास उथळ होतो. धावायला सुरुवात होण्याआधीच हृदय अर्धे काम करून बसलेले असते. त्यामुळे नवख्याला पहिला राउंड खऱ्यापेक्षा अवघड वाटतो. दहा-बारा मिनिटांचा सावकाश वॉर्मअप, म्हणजे आधी चालणे, मग हळू धावणे, मग हातपाय मोकळे करणे, हा त्यावर साधा उपाय आहे. त्याने स्नायू गरम होतात आणि श्वासही ताळ्यावर येतो.

गटाचा फायदाही खरा आहे. नॉर्मन ट्रिपलेट या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १८९८ मध्येच सायकलस्वारांच्या नोंदी तपासून दाखवले होते की एकट्याने चालवण्यापेक्षा सोबत कोणी असले की वेग वाढतो. ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या नावाड्यांवर झालेला एक अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. तेच खेळाडू, तितकाच व्यायाम, पण एकट्याने वल्हवल्यावर आणि चमूने एकत्र वल्हवल्यावर त्यांची वेदना सोसण्याची क्षमता मोजली, तर एकत्र केल्यानंतर ती स्पष्टपणे जास्त होती. मेंदूत पाझरणारी एंडॉर्फिन नावाची रसायने त्यामागे असावीत असा संशोधकांचा कयास आहे. ग्राउंडवर ‘चल, अजून एक’ म्हणणाऱ्या मैत्रिणीमुळे राउंड पूर्ण होतो त्याचे हे कारण.

पण याच गुणाची दुसरी बाजू आहे. गटात दुखणे कमी जाणवते, म्हणून थांबायची वेळही उशिरा कळते. नवख्यासाठी एक सोपी कसोटी आहे, बोलून पाहण्याची. पहिले तीन-चार आठवडे बहुतेक धाव अशा वेगाची असावी की शेजारणीशी एक पूर्ण वाक्य बोलता येईल. एक-एक शब्द तुटक निघत असेल तर वेग जास्त आहे.

दुखणे कोणते साधे, कोणते नाही

पहिल्या दिवसानंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मांड्या आणि पोटऱ्या इतक्या धरतात की उकिडवे बसता येत नाही. ‘लॅक्टिक ॲसिड साचले’ असे याचे कारण सांगितले जाते, पण ते खरे नाही. ते आम्ल व्यायामानंतर तास-दोन तासांत रक्तातून निघून जाते. खरे कारण स्नायूंच्या तंतूंना झालेल्या बारीक इजा आणि त्यानंतरची दुरुस्ती. उतारावर धावताना किंवा बैठकीत खाली जाताना स्नायू ताणला जात असतानाच जोर लावतो, तेव्हा या इजा जास्त होतात. चार-पाच दिवसांत दुखणे ओसरते आणि तोच व्यायाम पुन्हा केला की फार कमी दुखते. स्नायू एकदाच धडा घेतात.

मात्र मांड्या दगडासारख्या कडक होऊन सुजल्या, दुखणे दिवसागणिक वाढत गेले आणि लघवी काळ्या चहासारखी झाली, तर ते साधे दुखणे नाही. तुटलेल्या स्नायूंमधले मायोग्लोबिन रक्तात उतरून मूत्रपिंडाला इजा करते. याला ऱ्हॅब्डोमायोलिसिस म्हणतात. सराव नसताना एका दमात शेकडो बैठका काढणे हे त्याचे नेहमीचे कारण. उशिरा आला म्हणून नव्या मुलाला दोनशे बैठकांची शिक्षा देणे ही शिस्त नव्हे. अशी लघवी दिसली की त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. दुखणे कमी करण्याच्या गोळ्या स्वतःच्या मनाने घ्यायच्या नाहीत, कारण त्यातल्या काही मूत्रपिंडावर आणखी ताण आणतात.

नडगीच्या आतल्या बाजूचे दुखणे ही आणखी एक तक्रार. हृदय आणि फुप्फुसे काही आठवड्यांत तयार होतात, पण हाडे आणि स्नायूबंध यांना महिने लागतात. दम वाढला म्हणून अंतर एकदम दुप्पट केले की नडगी दुखू लागते. डांबरी रस्त्यापेक्षा मातीचे मैदान बरे, आणि आठवड्यातून किमान एक-दोन दिवस पूर्ण विश्रांती हवी.

या भागाचा वेगळा प्रश्न : सिकलसेल

इथपर्यंतची माहिती कुठल्याही गावाला लागू आहे. पूर्व विदर्भाला मात्र एक गोष्ट जादा लक्षात ठेवावी लागते. मध्य भारतात सिकलसेलची नोंद नागपूरच्या डॉक्टरांनी १९५८ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात केली. गोंदिया, गडचिरोली, भंडारा, चंद्रपूर, नागपूर या जिल्ह्यांत सिकलसेलचे वाहक आणि रुग्ण मोठ्या संख्येने आहेत. रुग्णाने, म्हणजे आई आणि वडील दोघांकडून दोष आलेल्याने, जोरकस व्यायाम डॉक्टरांना विचारल्याशिवाय करूच नये. वाहकाची गोष्ट वेगळी. एकाच पालकाकडून दोष आलेला वाहक एरवी निरोगी असतो. त्याला धाप लागत नाही, औषध लागत नाही, आणि म्हणूनच पुष्कळांना आपण वाहक आहोत हे माहीतही नसते.

अति श्रम, कडक ऊन आणि पाण्याची कमतरता एकत्र आली की वाहकाच्याही लाल पेशी विळ्याच्या आकाराच्या होऊ शकतात. अमेरिकी सैन्यात १९७७ ते १९८१ या काळात दाखल झालेल्या सुमारे २० लाख जवानांच्या नोंदींवरून असे दिसले की प्रशिक्षणात अचानक मृत्यू येण्याचे प्रमाण कृष्णवर्णीय वाहकांत, वाहक नसलेल्या कृष्णवर्णीयांपेक्षा जवळजवळ २८ पट होते. त्यानंतर सैन्याने पाणी, सावली, विश्रांती आणि हळूहळू वाढवायचा सराव हे नियम सगळ्यांसाठीच कडक केले. २०१६ मध्ये ४७,९४४ सैनिकांचा नवा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात वाहकांच्या मृत्यूचे प्रमाण इतरांपेक्षा जास्त आढळले नाही. ऱ्हॅब्डोमायोलिसिसचा धोका मात्र ५४ टक्क्यांनी जास्त होता.

या दोन अभ्यासांतून निघणारा धडा केशोरीच्या मैदानाला तंतोतंत लागू पडतो. वाहकाला ग्राउंडवरून घरी पाठवायचे कारण नाही, पण सरावाची पद्धत बरोबर हवी. वाहकाने दोन-तीन मिनिटांपेक्षा जास्त वेळ सलग पूर्ण ताकदीने धावू नये, दोन धावांमध्ये पुरेसा दम घ्यावा, आणि तापात किंवा जुलाब झाले असताना सराव करू नये. धावता धावता पायांतले बळ जाऊन एखादा खाली बसला, तो बोलतो आहे, पण उठता येत नाही, आणि स्नायूत पेटक्यासारखी गाठही दिसत नाही, अशा वेळी ‘नाटक करतो’ म्हणून त्याला उठवून पळवणे जिवावर बेतू शकते. त्याला सावलीत झोपवून तातडीने दवाखान्यात न्यावे.

सिकलसेलची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रांत मोफत होते. राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोल इथून सुरू झाले आणि ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी हे त्याचे उद्दिष्ट आहे. भरतीच्या वयाची सगळी मुले त्यात बसतात. बोटातून थेंबभर रक्त घेऊन पहिली चाचणी होते. ती सदोष आली तर पुढच्या तपासणीत वाहक की रुग्ण ते कळते.

त्याच फेरीत हिमोग्लोबिनही पाहून घ्यावे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आहे. मुलीचे टायमिंग महिनाभर सराव करूनही सुधारत नसेल तर ती आळशी आहे असे ठरवण्याआधी तिचे हिमोग्लोबिन १२ च्या वर आहे का हे बघावे. लाल पेशी कमी तर प्राणवायूही कमी पोहोचतो, तिथे जिद्दीचे काही चालत नाही.

ऊन आणि घाई

जाहिरात निघाली की सहा महिन्यांचा सराव सहा आठवड्यांत उरकायची घाई होते. ऑगस्ट २०२४ मध्ये झारखंडात उत्पादन शुल्क शिपाई भरतीत मुलांना एका तासात १० किलोमीटर धावायचे होते. त्या चाचण्यांदरम्यान दहाहून अधिक उमेदवारांचा मृत्यू झाला आणि सरकारला चाचण्या काही दिवस थांबवाव्या लागल्या. उष्णतेशी जुळवून घ्यायला शरीराला साधारण एक ते दोन आठवडे लागतात. या काळात घाम लवकर आणि जास्त सुटू लागतो, त्यातले मीठ कमी होते, रक्तातला पाण्याचा अंश वाढतो. नव्या माणसाने उन्हाळ्यात सुरुवात केली तर पहिले दोन आठवडे अर्धाच सराव पुरे. धावणारा बरळू लागला, तोल जाऊ लागला आणि अंग तापले तर आधी अंगावर भरपूर गार पाणी ओतायचे, गाडीची वाट बघत बसायचे नाही.

पहिल्या चार आठवड्यांचा बेत

पहिला आठवडा : एक दिवस आड, अर्धा तास. दोन मिनिटे चालणे, एक मिनिट हळू धावणे. बैठका दहा-दहाच्या दोन फेऱ्या.
दुसरा आठवडा : दोन मिनिटे धावणे, दोन मिनिटे चालणे. जोर भिंतीला किंवा पाराच्या कठड्याला टेकून.
तिसरा आठवडा : दहा मिनिटे सलग सावकाश धाव, मग चालणे. गोळाफेकीचा हात आधी हलक्या वजनाने.
चौथा आठवडा : वीस मिनिटे सलग धाव. शेवटी शंभर मीटरच्या तीन-चार धावा, पूर्ण जोराच्या थोड्या आत, मधे पुरेसा दम घेऊन.

घड्याळ लावून ८०० किंवा १६०० मीटर पळणे यानंतर. पहाटे रिकाम्या पोटी चक्कर येत असेल तर निघण्याआधी एक केळे किंवा गुळाचा खडा आणि पाणी. परतल्यावर भाताबरोबर वरण, अंडे किंवा चणे हवेतच, नुसत्या भाताने स्नायूंची दुरुस्ती होत नाही. छातीत दुखणे, धावताना भोवळ येणे किंवा घरात कोणी तरुणपणी अचानक गेलेले असणे, यातले काही असेल तर आधी डॉक्टर, मग ग्राउंड.

गटाला शिकवणाऱ्यांवरही एक जबाबदारी येते. नव्याला पहिल्या दिवशी जुन्यांच्या रांगेत उभे करण्याऐवजी त्याच्या वेगाचा एखादा जोडीदार द्यावा. सिकलसेलची तपासणी झाली का, हे सगळ्यांनाच एकेकट्याने विचारावे, चारचौघांत नव्हे. वाहक असल्याचे सांगितले तर आपल्याला काढून टाकतील अशी भीती मुलांना असते, आणि न सांगितलेली हीच गोष्ट मैदानावर सगळ्यांत महाग पडू शकते. भरतीत जागा थोड्या आणि उमेदवार लाखोंनी असतात, त्यामुळे धावणाऱ्यांपैकी बहुतेकांच्या अंगावर वर्दी चढणार नाही. पण नीट घडवलेले हृदय, पाय आणि दम त्यांच्याकडेच राहतात. प्रौढांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम किंवा ७५ ते १५० मिनिटे जोरकस व्यायाम करावा असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. ग्राउंडवर टिकलेल्या मुलीने तेवढा व्यायाम निकाल लागण्याच्या कितीतरी आधीच आपल्या आठवड्यात बसवलेला असतो.