ऐकू येतंय का रे?

बालमित्रांनो, एक सोपा प्रश्न विचारते. तुमचा आवाज किती लांब जातो? घरातून खच्चून हाक मारलीत तर गल्लीच्या टोकापर्यंत. शेतात असाल तर दोन बांध ओलांडून. डोंगरात ओरडलात तर तोच आवाज फिरून तुमच्याकडे येतो. पण ज्याच्यासाठी हाक मारली त्याला ती ऐकू गेली का, हे तुम्हांला कसं कळणार?

हा प्रश्न मला नीट पडला, तेव्हा मी चांगली आठ-दहा वर्षं शिकवत होते! आज त्याचीच गोष्ट सांगते. गोष्टीत थोडं विज्ञान आहे आणि तुमच्या बाईंची फजितीही आहे.

आकाशाला कान लावणारा तालुका

पुणे जिल्ह्याच्या उत्तर भागात जुन्नर आणि आंबेगाव हे दोन शेजारी तालुके आहेत. जुन्नर म्हटलं की तुम्हांला शिवनेरी आठवतो. कुणाला नाणेघाट आठवेल. तिथल्या लेण्यात सातवाहनांच्या काळातला शिलालेख आहे. दोन हजार वर्षांपूर्वी कुणीतरी दगडावर कोरून ठेवलेला निरोपच म्हणा ना!

पण याच जुन्नर तालुक्यात निरोप पाठवण्याची आणि ऐकण्याची आणखी दोन मोठी ठिकाणं आहेत, हे किती जणांना ठाऊक आहे?

पहिलं नारायणगावजवळचं आर्वी. १९७१ साली इथं उपग्रहाशी बोलणारं भू-केंद्र सुरू झालं. परदेशी दूरध्वनी आणि तारा उपग्रहामार्फत नेणारं भारतातलं हे पहिलं केंद्र. डॉ. विक्रम साराभाई यांचं नाव त्याला दिलं गेलं. तिथली थाळीसारखी अँटेना सुमारे ३० मीटर व्यासाची होती. त्याआधी परदेशात फोन लावायचा तर तो लघुलहरींच्या रेडिओवरून लागे आणि खरखरीतून शब्द वेचावे लागत. उपग्रहाने ते सोपं केलं. हा उपग्रह विषुववृत्तावर सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर होता. म्हणजे आवाज वर जाऊन खाली यायला ७२,००० किलोमीटरांचा प्रवास! रेडिओ लहरी सेकंदाला तीन लाख किलोमीटर जातात. करा बरं भागाकार. साधारण पाव सेकंद येतो की नाही?

दुसरं ठिकाण खोडद. इथं जगातल्या मोठ्या रेडिओ दुर्बिणींपैकी एक उभी आहे. तिचं नाव जीएमआरटी. डॉ. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून ती १९९०च्या दशकात उभी राहिली. एकूण ३० अँटेना, प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर. म्हणजे खो-खोच्या मैदानाच्या लांबीच्या दीडपटीपेक्षाही जास्त! त्यांतल्या १४ मध्यभागी जवळजवळ आहेत आणि उरलेल्या १६ तीन दिशांना लांबवर पसरल्या आहेत. सगळ्या मिळून २५ किलोमीटर रुंदीच्या एका दुर्बिणीसारखं काम करतात. ही दुर्बीण बोलत नाही, फक्त ऐकते. २०२३ च्या जानेवारीत बातमी आली, की तिने एका फार दूरच्या दीर्घिकेतल्या हायड्रोजनचा संकेत टिपला आहे. तो संकेत तिथून निघाला होता सुमारे ८८० कोटी वर्षांपूर्वी. तेव्हा आपली पृथ्वी जन्मलीसुद्धा नव्हती!

आणि माझा आवाज?

आता माझी गोष्ट. माझी शाळा आंबेगाव तालुक्याच्या पश्चिमेला, डिंभे धरणाच्या वरच्या अंगाला, डोंगरातल्या एका वाडीत होती. भातखाचरं, हिरड्याची झाडं आणि पावसाळ्यात चार महिने धुकं. डी.एड.ला असताना मी तक्ते करायला शिकले, शब्दपट्ट्या करायला शिकले, फळ्यावर सरळ ओळीत लिहायला शिकले. पुढे सगळ्यांसारखा एमएस-सीआयटीचा कोर्सही केला. प्रमाणपत्र मिळालं, ते फाइलीत गेलं, आणि माझा संगणकही जणू त्याच्याबरोबर फाइलीत गेला. खडू हातात असताना दुसरं काही लागतं, असं मला कधी वाटलंच नाही.

मार्च २०२० मध्ये करोनामुळे शाळा बंद झाल्या. खडू, फळा, वर्ग सगळं एका दिवसात हातातून गेलं. उरला मोबाइल.

माझ्या वर्गात १९ मुलं होती. व्हॉट्सॲपचा ग्रुप केला, त्यात नंबर आले ८. मी म्हटलं, चला, सुरुवात तर झाली. हातच्याच्या वजाबाकीचा व्हिडिओ करायचं ठरवलं. मोबाइल धरायला कुणी नाही, म्हणून तो स्वयंपाकघरातल्या मांडणीला ओढणीने बांधला. पहिल्यांदा माझं डोकंच दिसेना. दुसऱ्यांदा कुकरची शिट्टी झाली. दोन रात्री खपून पाच मिनिटांचा व्हिडिओ तयार झाला आणि मी तो ग्रुपवर टाकला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत आठ अंगठे आले. मला कोण आनंद झाला! असे मी लागोपाठ बरेच व्हिडिओ केले. दरवेळी अंगठे येत होते.

पुढे गावात जायची परवानगी मिळाली, तशी मी तोंडाला मास्क बांधून वाडीत गेले. एका मुलीला विचारलं, "काय गं, हातच्याची वजाबाकी कळली का?"

ती म्हणाली, "बाई, तुमी दिसलाच नाय. नुसतं गोल गोल फिरतंय."

मला काही उमगेना. मग तिच्या आजीने सांगितलं, "वाडीत रेंज कुठंय बाई? पोरगा वरच्या टेपाडावर गुरं घेऊन जातो, तिथं फोन वाजतो. तुमचं काही आलं की तो अंगठा दाबतो. बाईंना वाईट वाटायला नको ना!"

म्हणजे ते आठ अंगठे टेपाडावरून आले होते. वजाबाकी कुणाकडेच पोचली नव्हती! ज्या जुन्नरात ८८० कोटी वर्षांपूर्वीचा संकेत ऐकू आला, त्याच्याच शेजारच्या तालुक्यात माझा आवाज धरणापलीकडे जात नव्हता.

डोंगराची सावली

असं का होतं? मोबाइलच्या लहरी बऱ्याचशा प्रकाशासारख्या सरळ जातात. मध्ये डोंगर आला की त्याच्यामागे उन्हाची सावली पडते ना, तशीच रेंजचीही सावली पडते. टेपाडावर चढलं की आपण त्या सावलीतून बाहेर येतो.

गंमत अशी, की खोडदच्या दुर्बिणीला आसपासचे डोंगर उपयोगी पडतात. दूरच्या शहरांतला रेडिओ लहरींचा गोंगाट ते अडवतात. आकाशातून येणारे संकेत इतके क्षीण असतात, की त्यांच्यापुढे आपला मोबाइल म्हणजे कानाशी वाजणारा ढोल! म्हणून तिथं गेलं की मोबाइल बंद ठेवायला सांगतात. दरवर्षी २८ फेब्रुवारीला, राष्ट्रीय विज्ञान दिनाला, तिथं मोठं प्रदर्शन भरतं आणि शाळांची मुलं आपापले प्रयोग मांडतात. पुढे एकदा आमची मुलं तिथं गेली, तेव्हा एकाने मला हळूच विचारलं, "बाई, यांना रेंज नको आणि आपल्याकडं रेंज येत नाय. मग ही दुर्बीण आपल्याच वाडीत का नाय बांधली?" प्रश्न अगदी बिनतोड होता! मी त्याला म्हटलं, "अरे, तीस थाळ्या इतक्या लांबवर मांडायच्या तर पसरट जागा हवी, रस्ते हवेत, वीज हवी. आपल्या डोंगरात ते कसं जमायचं?"

मला शिकवणारा गुरुजी

वाडीत त्या दिवशी मी हताश होऊन ओसरीवर बसले होते. चौथीतला एक मुलगा मोबाइलवर लग्नातली गाणी वाजवत होता. मी विचारलं, "रेंज नाही, मग ही गाणी आली कुठून?"

"दादाच्या फोनातनं घेतली. ब्लूटूथनं. त्याला नेट कशाला पाहिजे, बाई?"

आणि त्याने मला शिकवलं. दोन फोन जवळ ठेवायचे, इकडे हे दाबायचं, तिकडे ते दाबायचं, की झालं. ब्लूटूथही रेडिओ लहरीच वापरतं, पण साधारण दहा मीटरपर्यंतच्या. मनोरा लागत नाही, पैसे पडत नाहीत. मी तीनदा चुकले. तो एकदाही रागावला नाही. मनात आलं, वजाबाकी चुकल्यावर आपण इतके शांत असतो का?

मग मी हिशेब मांडला. पाच मिनिटांचा माझा व्हिडिओ ६०-७० एमबीचा होता. तेच पाच मिनिटांचं नुसतं बोलणं एक एमबीच्या आसपास बसत होतं. म्हणून चित्र सोडलं आणि आवाज धरला. आठवड्यातून एकदा मी वाडीत जायची. फोनवरून फोनवर धडे द्यायची. ज्यांच्याकडे फोन नाही, त्यांच्यासाठी देवळासमोरच्या पारावर छोटा स्पीकर लावायची. मुलं अंतर सोडून बसायची.

पहिलाच धडा वाजला आणि सगळी पोरं खो खो हसायला लागली. कारण धड्यात मी ऐटीत म्हणत होते, "आता फळ्याकडे बघा!"

तेव्हा मला कळलं, की यंत्र बदललं तर बोलणंही बदलावं लागतं. फळा नाही, तर मुलांच्या अंगणातल्या वस्तूच घ्यायला हव्यात. पुढचे धडे असे झाले : "सुकलेले १२ हिरडे घ्या. दहाचा एक ढीग करा. दोन बाजूला ठेवा. आता मला ७ द्यायचे आहेत. दोनातून सात जातात का?" आणि इथं मी गप्प बसायची, मनात दहा आकडे मोजायची. त्या शांततेत मुलं ढीग मोडायची. रेडिओसाठी आणि दूरदर्शनसाठी शिक्षणाचे कार्यक्रम करणाऱ्यांना हे फार आधीपासून माहीत होतं. पुण्यात १९८४ साली सुरू झालेल्या बालचित्रवाणीचे कार्यक्रम तुमच्या आईबाबांनी पाहिले असतील. ती संस्था २०१७ मध्ये बंद झाली. २०२० च्या जुलैत सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' लागायची, तिच्यातही मुलांना घरच्या वस्तू घेऊन काहीतरी करायला लावत. मला मात्र हे एका हसण्याने शिकवलं.

एक नाव गळलं

सगळं छान चाललं होतं, असं सांगून गोष्ट संपवता आली असती. पण ते खरं नाही.

पारावर मी मुलं मोजायची. ग्रुपवरच्या आठ घरांची मुलं आणि आजूबाजूची, असं करत १८ व्हायची. एकोणिसावी मुलगी जवळजवळ दीड महिना माझ्या ध्यानातच आली नाही. तिच्या घरी एकच फोन होता आणि तो घेऊन वडील नारायणगावच्या बाजूला टोमॅटो तोडायला गेले होते. घर वाडीच्या पार खालच्या अंगाला, पारावरचा आवाज तिथं जात नव्हता. नंबर नाही म्हणून ती ग्रुपवर नव्हती. आणि ग्रुप म्हणजेच वर्ग असं मी समजून बसले होते. शाळेत हजेरी घेताना तिचं नाव रोज पुकारलं असतं. ते मी पुकारलंच नाही.

शाळा पुन्हा भरली तेव्हा ती सर्वांत आधी येऊन बसली होती. हातच्याची वजाबाकी ती पूर्ण विसरली होती. पुन्हा हिरड्यांचे ढीग मांडले. वाचन लवकर सुधारलं, पण गणिताला होळी उजाडली. तिने मला काही म्हटलं नाही. फक्त एकदा विचारलं, "बाई, पारावर काय शिकवलंत?" त्या प्रश्नाचं उत्तर देताना मला घास गिळावा तसं झालं.

आता शाळाशाळांत टीव्ही आहेत, टॅब आहेत. तुमच्या पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड असतात. २०१७ साली सुरू झालेल्या 'दीक्षा'वर ढीगभर धडे आहेत. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींना क्यूआर कोडच्या कामासाठीही जगाने ओळखलं, २०२० चा ग्लोबल टीचर पुरस्कार त्यांना मिळाला. हे सगळं मीही वापरते. आता मला ते जमतं, आवडतंही. पण कुठलाही धडा लावण्याआधी मी कागदाची हजेरी घेते. नाव पुकारते आणि "हजर" ऐकू येईपर्यंत थांबते.

पालकांनाही एक विनंती. घरातला एकुलता फोन कामावर न्यावा लागतो, त्यात तुमचा दोष नाही. पण तसं असेल तर शिक्षकांना नक्की सांगा. आम्हांला अंगठ्यापेक्षा "नाही पोचलं, बाई" हा निरोप जास्त उपयोगाचा असतो.

करून पाहा

एका मित्राशी पाठीला पाठ लावून बसा. तुम्ही कागदावर एक साधं चित्र काढा. घर, झाड, होडी, काहीही. आता ते चित्र न दाखवता, नुसतं बोलून मित्राला तसंच काढायला सांगा. पहिल्यांदा त्याने अजिबात प्रश्न विचारायचे नाहीत. दुसऱ्यांदा नवं चित्र घ्या आणि त्याला हवे तितके प्रश्न विचारू द्या. मग चारही चित्रं शेजारी ठेवा.

फरक दिसला? तो कशामुळे पडला, ते आपल्या बाईंना किंवा सरांना सांगा. आणि त्यांनी ते ऐकलं का, हेही विचारा बरं का!