पूर आणि दावणीची जनावरे

पुरात जनावराला पाण्याइतकाच धोका दाव्याचा असतो. गाय-म्हैस पोहू शकते, म्हैस तर पाण्यातलीच. पण खुंट्याला बांधलेले जनावर पाणी चढले की जागीच बुडते. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा-पंचगंगेच्या पुरात सांगली-कोल्हापूर भागातले अनेक गोठे पाण्याखाली गेले. त्यामुळे धरणातून विसर्ग वाढल्याची सूचना येताच, रस्ता कोरडा असतानाच जनावरे उंचावर हलवणे श्रेयस्कर. पाणी गोठ्यात शिरल्यावर घाबरलेली म्हैस टेम्पोत चढत नाही. हलवणे अशक्यच झाले, तर निदान दावी सोडावीत. कानातल्या बिल्ल्याचा बारा अंकी क्रमांक टिपून ठेवला असेल, तर वाहून गेलेले जनावर ओळखता येते आणि भरपाईच्या वेळीही तो उपयोगी पडतो.

घटसर्प आणि फऱ्या या जनावरांच्या आजारांवरच्या लसी पावसाळ्यापूर्वीच टोचून घ्याव्या लागतात, कारण प्रतिकारशक्ती तयार व्हायला दोन-तीन आठवडे जातात. पूर ओसरल्यावर भिजून बुरशी आलेला कडबा किंवा पेंड घालू नये. त्याने विषबाधा होते.

कुत्र्या-मांजरांचे काम तुलनेने सोपे. पिंजरा किंवा पिशवी, पट्टा, काही दिवसांचे खाणे, औषधे आणि लसीकरणाचे कार्ड एकत्र असले की पुरते. वादळाच्या आवाजाने मांजर दडून बसते, म्हणून तिला आधीच एका खोलीत ठेवावे. पुराच्या पाण्यात उंदरांचे मूत्र मिसळलेले असते आणि त्यातून लेप्टोस्पायरोसिस होतो. कुत्र्यांसाठी त्याची लस मिळते; ती दरवर्षी द्यावी लागते.