वेदनेचा पहारा

श्रोतेहो, वेदना कोणालाहि नकोशी असते. परंतु वेदना म्हणजे काय, हेंच ज्यांना ठाऊक नाहीं अशीं माणसें जगांत आहेत, आणि त्यांचें आयुष्य सुखाचें नसतें. त्यामागील कारणाची ओळख करून द्यावी म्हणून मीं आजचा विषय निवडला आहे.

आमच्या अलिबागच्या किनाऱ्यावर कालवें काढणाऱ्या बायका ओहोटीच्या वेळीं खडकांवरून फिरतात. शिंपल्याची धार पायास लागतांच पाय आपोआप मागें येतो. आमच्या शेजारीं एक वृद्ध तांडेल राहत. एके सायंकाळीं ते चुलीजवळ बसले असतां त्यांचें बोट निखाऱ्यावर टेकलें. कातडी जळाल्याचा वास आला, तेव्हां सुनेनें धांवत येऊन त्यांचा हात ओढला. तांडेलांना कांहींच कळलें नव्हतें. त्या हातावर बरेच महिने एक फिकट चट्टा होता. तो दुखत नव्हता, म्हणून कोणीं त्याकडे लक्ष दिलें नाहीं. तें कुष्ठ होतें. औषधानें रोग गेला, पण बोटांची संवेदना परत आली नाहीं. तो चट्टा मीहि रोज पाहत होतों. शाळामास्तर असूनहि मला त्याचा अर्थ कळला नाहीं, ही खंत अजून आहे.

वेदना वाहून नेणारे ज्ञानतंतु जन्माआधींच त्वचेपर्यंत वाढत जातात. त्यांना जगवणारें एक द्रव्य त्वचा स्वतः तयार करते. तें ज्यांना मिळतें ते तंतु टिकतात. बाकीचे मरून जातात. या ज्ञानतंतु-वृद्धिद्रव्याचा शोध रीटा लेव्ही-मोंताल्चिनी या इटालियन विदुषीनें लावला. १९३८ च्या वंशभेदाच्या कायद्यांमुळें विद्यापीठाचें दार बंद झालें, तेव्हां तिनें आपल्या निजण्याच्या खोलींत कोंबडीच्या अंड्यांतील गर्भांवर प्रयोग चालविले. पुढें १९५० नंतरच्या वर्षांत अमेरिकेंत तिला हें द्रव्य गवसलें व स्टॅन्ली कोहेन यांनीं तें वेगळें काढलें. १९८६ सालीं दोघांना नोबेल पारितोषिक मिळालें.

परंतु हाक आली तरी ती ऐकणारा कान हवा. तो कान म्हणजे ज्ञानतंतूच्या पेशीच्या आवरणांत बसविलेलें एक प्रथिन. शास्त्रज्ञ त्याला ग्राहक म्हणतात. त्याचें एक टोंक पेशीच्या बाहेर असतें व दुसरें आंत. वृद्धिद्रव्य बाहेरील टोंकास चिकटलें, कीं असे दोन ग्राहक जोडीनें काम करूं लागतात आणि ‘जग, वाढ’ हा निरोप पेशीच्या केंद्रापर्यंत पोंचतो. हा ग्राहक कसा घडवावा याची लेखी आज्ञा म्हणजे एनटीआरके-१ हें जनुक. तें आपल्या पहिल्या क्रमांकाच्या गुणसूत्रावर असतें. गंमत अशी कीं, १९८६ सालीं तें प्रथम सांपडलें तें आंतड्याच्या एका गांठींत, दुसऱ्या जनुकास चुकून जोडलेल्या रूपांत. त्याचें खरें काम १९९१ सालीं उमगलें.

हें जनुक आईकडून व बापाकडून, दोन्हीकडून बिघडलेलें मिळालें, तर वेदनेचे तंतु टिकतच नाहींत. १९९६ सालीं जपानी शास्त्रज्ञांनीं हें सिद्ध केलें. असें मूल पडलें तरी रडत नाहीं. दांत येतांच स्वतःची जीभ व बोटें चावून काढतें. मोडलेल्या हाडावर चालत राहतें. घामाच्या ग्रंथींकडे जाणारे तंतुहि याच द्रव्यावर जगत असल्यामुळें त्याला घाम येत नाहीं आणि उन्हाळ्यांत ताप जिवावर बेततो. आईबाप दोघेहि निरोगी वाहक असले, तर प्रत्येक अपत्याच्या बाबतींत हा धोका चारांत एक इतका असतो. रोग अत्यंत विरळ आहे. तरीहि आपल्याकडे मामाची मुलगी करण्याची चाल अनेक घरांत आहे, आणि जवळच्या नात्यांत एकच दोष दोन्हीकडून येण्याचा संभव वाढतो. घराण्यांत असें मूल झालें असेल, तर लग्नाआधीं वैद्यकीय सल्ला घेणें शहाणपणाचें.

तांडेलांचें जनुक शाबूत होतें. त्यांचे तंतु जंतूंनीं नासवले. वाट निराळी, शेवट मात्र तोच: हातावरचा पहारा उठला. कुष्ठाच्या त्वचेंत हें वृद्धिद्रव्यहि घटलेलें असतें, असें १९९४ सालीं प्रसिद्ध झालेल्या संशोधनांत आढळलें. कुष्ठरुग्णांच्या वांकड्या बोटांवर शस्त्रक्रिया करणारे मुंबईचे डॉ. नोशीर अंतिया यांनीं १९७० नंतरच्या दशकांत आमच्याच मांडव्याच्या परिसरांत खेड्यांतील स्त्रियांना आरोग्यसेवेचें शिक्षण दिलें. अल्पशिक्षित स्त्रियाहि असे रोग वेळीं ओळखूं शकतात, हा त्या कामाचा धडा होय.

तेव्हां श्रोतेहो, दुखत नाहीं तें क्षुल्लक, असें समजूं नका. अंगावर फिकट चट्टा दिसला, तर डोळे मिटून त्याला कापसाच्या टोंकानें स्पर्श करून पाहा. स्पर्श कळला नाहीं, तर त्याच दिवशीं सरकारी आरोग्यकेंद्र गांठा; तेथें औषध विनामूल्य मिळतें. आणि कांटा रुतून पाय दुखला, तर एक क्षण थांबून समाधान माना: पहारेकरी जागा आहे.