हळदीचा वास वाळवणीत ठरतो

आर्णी, महागाव, उमरखेड या आपल्या यवतमाळच्या पट्ट्यात फेब्रुवारी-मार्चमध्ये हळद निघते. तिचा भाव बहुधा रंगावरून ठरतो. पण रंग आणि वास ही दोन वेगळ्या द्रव्यांची कामं आहेत. रंग कर्क्युमिनचा, ते हवेत उडत नाही. वास टरमेरोन आणि त्याच्या सोबतच्या तेलांचा, ती उडतात. वाळलेल्या हळकुंडात हे तेल साधारण ३ ते ७ टक्के असतं. म्हणून नुसतं पिवळंधमक बघून हळद चांगली म्हणणं मला अपुरं वाटतं. तेल कंदातल्या बारीक पेशींत बंदिस्त असतं. वाळवण्याआधी काप केले की त्या फुटतात, हवा लागणारा पृष्ठभाग वाढतो आणि वास लवकर उडतो.

कुणी म्हणेल, काप झटपट वाळतात, बुरशीचा धोका कमी. खरं आहे, पण मग ते उन्हात नकोत. उन्हानं वरचा रंगही विटतो. ६० अंशांच्या आत गरम हवेचा ड्रायर त्यांना बरा. दुसरा आक्षेप जास्त वजनदार: वाळवण्याआधी हळद शिजवतात, तेव्हाही थोडं तेल वाफेबरोबर जातंच ना? जातं. तरी शिजवल्यानं स्टार्च फुगून चिकटतो, ओलावा सारखा निघतो आणि अख्खं हळकुंड १०-१५ दिवसांत वाळतं. फक्त मऊ होताच उतरवावं, जास्त शिजवू नये. वाळवताना थर ५ ते ७ सेंटीमीटरचा ठेवावा, रात्री ढीग करून झाकावा. खरेदी करताना हळकुंड मोडून आधी हुंगा, रंग नंतर बघा.