चेंबूर कॅम्पात चहाआधी पापड का?

चेंबूर कॅम्पातल्या सिंधी घरात भरदुपारी गेलात, तर चहाआधी समोर येतो पापड आणि पाण्याचा ग्लास. ही सिंधमधली रीत. तिथला उन्हाळा कडक. घामावाटे गेलेलं मीठ पापडातून मिळतं आणि पाणीही जास्त प्यायलं जातं, असं जुनी मंडळी सांगतात.

१९४७च्या फाळणीनंतर निर्वासितांची छावणी इथे वसली, म्हणून नाव ‘कॅम्प’. घरं-जमिनी तिकडे राहिल्या, स्वयंपाक सोबत आला. रविवारी सकाळी दाल-पकवान: मऊ शिजलेली चणाडाळ, कुरकुरीत तळलेलं पकवान, वर चिंचेची चटणी. सिंधी कढी म्हटल्यावर मराठी पाहुणा ताकाची वाट पाहतो आणि फसतो. इथे बेसन खमंग भाजून चिंचेचा आंबटपणा देतात, त्यात भेंडी, शेवग्याच्या शेंगा. चेटीचंडला, म्हणजे आपल्या पाडव्याच्या सुमारास, ताहिरी हा गोड भात होतो.

सिंधी भाषेला १९६७ साली आठव्या अनुसूचीत स्थान मिळालं, पण भारतात तिचं स्वतःचं राज्य नाही. त्यामुळे भाषा घरातच टिकवावी लागते, आणि तिथेच ती सुटते आहे. आजी सिंधीत विचारते, नातू हिंदीत उत्तर देतो. पाहुणा आला की पापड भाजायला मात्र त्यालाच उठवतात.